अंगठ्याखालचं हाड

१

धुरपताबाईला मासा ओळखायला डोळे लागत नसत. राणीसावरगावच्या बाजारात ती पाटी मांडून बसलेली असे, तोंडानं गिऱ्हाइकाशी हुज्जत चाललेली असे आणि हात ओल्या गोणपाटाखाली आपलं काम करत असे. मांगूर हाती लागला की तिचा अंगठा त्याच्या डोक्यावरून मागं सरकायचा. डोकं संपून पाठ सुरू होते तिथं एक हाड असतं. ते नखासारखं गोल लागलं तर मासा गावरान, टोकदार लागलं तर इलायती. गावरान या अंगाला, इलायती त्या अंगाला, झालं काम.

"अगं, काळे दोघंबी, मिशा दोघांलाबी. तुला कळतंय तरी कसं?" शेजारी वाळकं घेऊन बसणारी सुलाबाई दर बाजारी विचारायची.

"अंधारात तुह्या नवऱ्याला वळखतीस का न्हाई? तसंच हाय हे."

"अगं बया! लाज न्हाई तुला!" म्हणत सुलाबाई तोंडाला पदर लावायची आणि आजूबाजूच्या बाया खो खो हसायच्या. धुरपता अशीच होती, तोंडाची फटकळ आणि हाताची चलाख. भोईवाड्यात तिच्या नादी सहसा कुणी लागत नसे.

आता हे इलायती मांगूर आले कुठून, तेही सांगायला पाहिजे. भगवानराव म्हणून एक मोठे शेतकरी होते. त्यांनी कुठल्याशा एजंटाकडून माशाचं बी आणलं आणि रानातल्या मुरमाच्या खदानीत सोडलं. मेल्या कोंबड्या, आतडी, काहीही टाका, पाणी नुसतं खदखदायचं. माशांची मांडीएवढी धुडं झाली. मग एका पावसाळ्यात खदान भरून फुटली, पाणी ओढ्याला लागलं आणि ओढा गंगेला. गोदावरीला तिथं गंगाच म्हणतात. ज्यांना ओढा सापडला नाही ते मासे म्हणे ओल्या रानातून पोटावर सरपटत गंगेला गेले. त्या दिवशी रानात असलेल्या बाया अजून शपथेवर सांगतात.

त्यानंतर डोह ओस पडायला लागले. मरळ गेली, शिंगटा गेला, झिंगे गेले. जाळ्यात यायचे ते हेच काळे बोडके. शेवटी धुरपताच्या नवऱ्यानं, लिंबाजीनं, सगळ्या भोयांना घाटावर गोळा केलं आणि गंगेचं पाणी ओंजळीत घेऊन आण घालायला लावली, की हाती लागलेला इलायती पुन्हा पाण्यात सोडायचा नाही. मोठा असो, बारका असो, घाटावरच्या दगडावर आपटायचा, नाहीतर बाजारात विकायचा. "ज्यानं सोडला, त्यो भोई न्हाई," लिंबाजी म्हणाला होता.

२

कपारीच्या डोहात एक भला मोठा इलायती होता. भोई त्याला बाप्या म्हणत. त्यानं जाळी फाडली होती, गळ सरळ केले होते. लिंबाजीनं त्याचा ध्यासच घेतला होता.

त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. एसट्या आगारात उभ्या, तालुक्याला शुकशुकाट, बाजाराचा तर प्रश्नच नाही. लिंबाजी म्हणाला, "बाजार न्हाई तर न्हाई. आज बाप्याला काढतो."

"वरून पाणी सोडलंय म्हणतेत," धुरपता म्हणाली.

"म्हणू दे. तू चूल पेटवून ठेव."

तो रंगनाथला घेऊन होडीत बसला. रंगनाथ त्याचा जोडीदार, लहानपणापासूनचा. तिन्हीसांजेला रंगनाथ एकटाच आला. अंगावरचे कपडे फाटलेले, दातखीळ बसलेली. चुलीपुढं बसवल्यावर त्याच्या तोंडून शब्द फुटले.

"गळाचा दोर मनगटाला गुंडाळला व्हता त्यानं. मी म्हणलो सोड, सोड. त्यो सोडंना. मंग दोर खाली गेला, आन् त्योबी गेला. वर आलाच न्हाई, वैनी."

पोलीस बंदाच्या बंदोबस्तात, तहसील बंद. भोयांनी आपणच गळ टाकून डोह धुंडाळला, पण काही हाती लागलं नाही. धुरपतानं कुंकू पुसलं नाही. ती कुणाशी बोललीही नाही, आणि हे तिच्या बाबतीत फारच वाईट लक्षण होतं. तिची सासू पार्वतीबाई मात्र रोज घाटावर जाऊन बसायची आणि गंगेला शिव्या द्यायची. शिव्या सरल्या की पदर पसरायची.

"मह्यं लेकरू दे. माय हाईस ना तू? कसंबी दे, पन दे."

आणि एका सकाळी धुरपता सडा टाकायला दार उघडून बघते तर अंगणात, रांजणाजवळच्या ओल्या जागेत, लिंबाजी बसलेला. कपडे अंगाला चिकटलेले. तिच्या हातातली शेणाची बादली जागीच सांडली. तिच्या तोंडून आवाज निघायच्या आत म्हातारी तिला ढकलून पुढं धावली, लेकाला मिठी मारली आणि पदरानं त्याचं डोकं पुसायला लागली.

पुसता पुसता म्हातारीचा हात एकदम थांबला. अगदी क्षणभर. मग तिनं असा हंबरडा फोडला की सगळा भोईवाडा जागा झाला. डोक्याला कुठं मार लागला असेल, म्हातारीच्या हाताला खोक लागली असेल, असं धुरपताला वाटलं. तेव्हा तिला तेवढंच वाटलं.

लोक म्हणाले, गंगामाईनं परत केला. कुणी नारळ फोडला, कुणी पेढे आणले. इतके दिवस कुठं होतास, असं विचारलं की लिंबाजी म्हणायचा, "वाहून गेलो. लय लांब गेलो." त्याच्यापुढं काही नाही. धुरपता चुलीपुढं बसून रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. देवा, आता काही मागणार नाही, म्हणाली.

३

दुसऱ्या दिवशी तिनं रोजच्यासारखी चुलीतली राख चाळून राखुंडी केली आणि चिमूटभर त्याच्या तळहातावर ठेवली. लिंबाजीचे दात राखुंडीशिवाय कधी घासले गेले नव्हते. सासुरवाडीला जातानाही पुडी बांधून न्यायचा तो.

त्यानं तळहात उलटा केला आणि राख मातीत सांडली.

"नको. झोंबती."

एवढंच झालं. आता नदीचं गढूळ पाणी पोटात गेलेला माणूस, तोंड आलं असेल, झोंबत असेल राख. धुरपतानं स्वतःला तसं समजावलं. पण बाजारात मासे साफ करताना ती राखेत हात घालायची, मांगूर उचलायची, आणि तो राखेनं कसा तडफडतो ते बघायची. मांगुराच्या बुळबुळीत अंगाला राखच लागते, त्याशिवाय तो हातात राहत नाही. हे तिला लग्न होऊन आल्यापासून ठाऊक होतं. आता तेच बघताना ती हातातला मासा अर्धवट घासून पाटीत टाकायला लागली.

मग मीठ सुटलं. मग तंबाखू सुटली. "बरं झालं की, सुटली ती," म्हातारी म्हणाली. डोक्यावरची टोपी गेली आणि तिच्या जागी ओला पंचा आला, तो मानेपर्यंत गुंडाळलेला. दुपारी लिंबाजी बाजेवर न झोपता रांजणाखालच्या चिखलात गाल टेकून पालथा पडायचा. विचारलं तर म्हणायचा, "अंगाची आग व्हायलीय."

गंगाखेडच्या डॉक्टरांनी छाती तपासली. छातीत पाणी साठलंय, म्हणाले, दम लागणारच. गोळ्या दिल्या. म्हणजे त्याचंही कारण सापडलं. कारण सगळ्याचंच सापडत होतं, आणि धुरपताला नेमकं तेच सहन होईना.

दम मात्र त्याला लागत नव्हता. त्याचं वेगळंच होतं. तो गप्प बसलेला असायचा, छाती हलायची नाही, पोट हलायचं नाही. भाकरी थापता थापता ती नजर चोरून बघत राहायची. बराच वेळ काहीच नाही. मग एकदम त्याची हनुवटी वर व्हायची, तोंड उघडायचं, पचक् असा आवाज व्हायचा आणि तोंड मिटायचं. पुन्हा सगळं थंडगार. डोहावर संध्याकाळी बसलं की तसा आवाज येतो. मांगूर हवा घ्यायला वर येतो तेव्हाचा.

"काय बघायलीस?" तो विचारायचा.

"कुठं काय," ती म्हणायची, आणि भाकरी करपायची.

४

आणि मासे! मासे तर असे यायला लागले की भोईवाड्याचे डोळे पांढरे झाले. लिंबाजी एकटाच जायचा, रंगनाथला न घेता. जाळं कोरडं, गळ कोरडा, आणि पाटी इलायतींनी भरलेली. एकाच्याही तोंडात गळाची जखम नसायची. धुरपता गोणपाटाखाली हात घालून चाचपायची. टोकदार, टोकदार, टोकदार. गोल हाड तिच्या अंगठ्याला त्या दिवसांत एकदाही लागलं नाही.

एका दुपारी रंगनाथ बाजारात आला. पाटीपुढं उकिडवा बसला आणि गिऱ्हाईक असल्यासारखा मासा उलटापालटा करायला लागला.

"वैनी, एक सांगतो. रागावू नका."

"बोला की भाऊजी. असं मागंपुढं कामून करायलात?"

"काल मी कपारीच्या डोहावर गेलतो. लपून बसलो, खोटं कशाला बोलू. लिंबाजी कमरेएवढ्या पाण्यात हुबा व्हता. हात खाली सोडलेले. मासे आपल्या आपण त्याच्या हातात यायलेत. शपत सांगतो, एकेक यायलाय आन् ह्यो उचलून पाटीत टाकायलाय."

"हातगुण आसंल," धुरपता म्हणाली. आवाज तिचा तिलाच खोटा वाटला.

"आसंल. पन मंग बाप्या आला. मी वळखतो त्याला. पाठीवर होडीच्या वल्ह्याचा वण हाय, मीच हाणलेला. त्यो आला आन् लिंबाजीनं त्याला दोनी हातांवर घेतलं. मला वाटलं, आता दगडावर आपटतोय." रंगनाथनं हातातला मासा पाटीत ठेवला. "न्हाई आपटला. सोडला त्यानं. लेकराला पाळण्यात ठेवतेत तसा, हळू, पाण्यात सोडला."

"तुमाला दिसलं नसंल नीट."

"वैनी, आण कुणी घातली व्हती आमाला? त्यानंच ना?" रंगनाथ उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी त्याचा जोडीदार हाय. ह्यो त्याच्यावानी बोलतोय, चालतोय, पन मला बघून त्याच्या डोळ्यात काही हलत न्हाई. मला लय भ्या वाटायलंय."

धुरपतानं त्याला फाडफाड बोलून हाकलून दिला. दुसऱ्याच्या घरावर जळता, म्हणाली. मेलेला माणूस परत आलेला बघवत नाही तुम्हाला, म्हणाली. सुलाबाई बघतच राहिली. रंगनाथ गेल्यावर मात्र धुरपतानं सुरी पुसून ठेवली. पाटी तशीच झाकून ती घरी निघाली.

५

दिवाळी तोंडावर आली. एके संध्याकाळी जेवताना लिंबाजीनं लेकीकडं बघितलं. अनसूया, एकुलती एक, बापाच्या ताटातला घास उचलून खाणारी पोर. बाप परत आल्यापासून ती त्याच्या मागं मागं असायची. लेकरांना काय कळतंय, असं म्हणायचं तरी कसं?

"दिवाळी झाली की अनसीला डोहावर नेतो," तो म्हणाला. "पोहायला शिकवतो."

धुरपताच्या हातातलं पातेलं खाली पडलं. "काही नको! उन्हाळ्यात बघू."

"माय, मला जायाचं हाय!" अनसूया म्हणाली.

"गप बस. थोबाड फोडीन."

"अगं, भोयाची पोर पोहायला शिकायची न्हाई तर काय वाण्याची शिकायची?" म्हातारी मध्ये पडली. "बाप हाय तिचा. परका हाय का?"

धुरपता सासूकडं बघत राहिली. म्हातारी खाली मान घालून भाकरी कुस्करत होती.

परका आहे का. आता धुरपताला तेवढं एकच कळून घ्यायचं होतं. नवरा असेल तर ती त्याचे पाय धरेल, मनात आलं त्याबद्दल नाक घासेल. आणि नसेल तर? नसेल तर लेक त्याच्या हाती जाऊ द्यायची नाही, मग जगबुडी झाली तरी बेहत्तर. दिवाळीच्या आत तिला कळायला पाहिजे होतं.

त्या रात्री म्हातारीला झोप नव्हती. शेजारच्या सुनेला मुलगा झाला होता, त्यावरून ती अंथरुणात पडल्या पडल्या बोलत होती. आताच्या पोरींना बाळाला तेल लावता येत नाही, नुसतं चोळतात, म्हणे.

"लिंबाजी झाला तवा डोकं असं लांबोळकं व्हतं, दुधीभोपळ्यावानी. मी रोज तेल लावून दोनी हातांनी बसवलं. मागून तर असं गोल, आरशावानी! तुह्या अनसीचंबी मीच बसवलंय. बघ हात लावून."

म्हातारी हे सांगता सांगता मध्येच थांबली आणि कूस बदलून गप्प झाली.

धुरपता उठून बसली. लेक शेजारी झोपली होती. तिनं हळूच अंगठा पोरीच्या डोक्यावरून मागं सरकवला. गोल. स्वच्छ गोल. मग तिनं स्वतःच्या डोक्यामागं हात लावून बघितलं. तिथंही हाड होतं, जरासं उंच, पण गोलच. कुणाच्याही डोक्याला मागं हाड असतंच की. आणि माणसाला माशासारखं चाचपायचं म्हणजे आपलंच डोकं फिरलंय, असंही तिला वाटलं. इतक्या दिवाळ्यांना नवऱ्याच्या डोक्याला तेल लावलं, पण मागचं हाड कसं आहे हे कधी ध्यानात ठेवलं होतं? कोण ठेवतं?

पण या दिवाळीला ती ठेवणार होती. नरकचतुर्दशीला बायकोच्या हातचं तेल नको म्हणेल असा नवरा त्या मुलखात नव्हता. पंचा त्याला काढावाच लागणार होता.

६

पहाटे चूल पेटली. पाणी तापत होतं. दारात पणत्या, पाटाभोवती रांगोळी, वाटीत तेल, ताटलीत उटणं. लांब कुठंतरी फटाके वाजत होते. अनसूया अजून गोधडीत होती. आदल्या दिवशी दिवाळीचा बाजार, धुरपता अंधार पडल्यावरच घरी आली होती, तेव्हाही पोर झोपलेलीच होती.

लिंबाजी पाटावर येऊन बसला. न सांगता. पंचा त्यानं स्वतःच सोडला आणि बाजूला ठेवला. तिला वाटलं होतं, तो टाळाटाळ करेल, काहीतरी सबब सांगेल. त्यानं काहीच सांगितलं नाही, आणि तिला जास्तच भीती वाटली.

म्हातारी पणती घेऊन उंबऱ्यात बसली होती.

धुरपतानं तेलात बोटं बुडवली. कपाळाला टिळा लावला, खांद्याला लावलं, दंडाला लावलं. कातडी थंड होती. पहाटेच्या थंडीत कुणाचीही असते. तेल लावायच्या आधीच ती बुळबुळीत लागली, पण हाताला आधीच तेल होतं ना. ती मनाशी वाद घालत होती आणि हात वर वर जात होते. मानेवर आले. केसांत शिरले. टाळूवर तेल घातलं, थापलं. पचक्, असा आवाज झाला. त्याची हनुवटी वर झाली आणि खाली आली.

"लाव की," तो म्हणाला. "थांबलीस कामून?"

तिनं अंगठा मागं सरकवला.

बाजारात सरकतो तसाच तो सरकला, सवयीनं, आणि डोकं संपून मान सुरू होते तिथं थांबला. तिथं हाड होतं. ते मागं निमुळतं होत गेलं होतं, आणि त्याला टोक होतं. कातडीखाली अंगठ्याला ते असं लागलं की तिचा हात आपण होऊन त्या अंगाला ढकलायला निघाला, जिकडं ती रोज इलायती ढकलायची.

तिनं वर बघितलं. म्हातारी पणतीच्या उजेडात तिच्याकडंच बघत होती. बघत होती म्हणण्यापेक्षा वाट पाहत होती.

"लाव," म्हातारी म्हणाली, अगदी हळू. "लाव तेल. गुमान लाव."

"आत्याबाई..."

"मला ठावं हाय. आला त्या दिवशीच कळलं." म्हातारीनं पणतीला हाताचा आडोसा धरला. "मी कसंबी दे म्हणलं व्हतं. तिनं दिलं. आता परत कोन्या तोंडानं करू? माय म्हणतोय मला. सकाळ झाली की माय म्हणून हाक मारतोय."

पाटावरचा माणूस उठला नाही. त्यानं मान थोडी मागं केली, तिच्या हाताला सोपं जावं म्हणून.

धुरपतानं तेल लावलं. काय करणार? तिनं उटणं लावलं, तांब्यानं पाणी घातलं, ओवाळलंसुद्धा. आत मात्र तिचं सगळं ठरलं होतं. भाऊबीज जवळच होती. भाऊ देवगाव फाट्यावर राहत होता, लेकीला घेऊन बहीण भावाकडं निघाली तर कोण नाही म्हणेल? तिथं गंगा नव्हती, टँकरची वाट बघावी लागायची. रडायचं ते तिथं जाऊन रडायचं.

"मी अनसीला घेऊन आजच भावाकडं जातेय," ती सासूला म्हणाली. "तिला डोहावर न्यायचं नाव काढू नका."

म्हातारीनं पणती खाली ठेवली.

"काल तू बाजारात व्हतीस तवा नेली व्हती त्यानं," ती म्हणाली. "पोर लई मागं लागली. मी म्हणलं, उगी रडवू नको तिला. दिवे लागायच्या आत आली की माघारी. आली ना. झोपलीय ना तुह्या घरात?"

७

अनसूया हाक मारताच उठली. शहाण्यासारखी उठली, एरवी दहा हाका माराव्या लागत. धुरपतानं तिच्या तळहातावर राखुंडी ठेवली.

"नको माय," पोर म्हणाली. "झोंबती."

लेकरं करतात असे हट्ट. बापाचं बघून शिकतात. धुरपतानं राख चुलीत टाकली, पोरीच्या अंगावर नवं परकर-पोलकं चढवलं आणि पिशवी उचलली. तेल-उटणं काही केलं नाही. लिंबाजी दारात उभा होता. त्यानं अडवलं नाही. अनसूयाकडं बघून तो हसला आणि अनसूयाही हसली, दोघांचं काहीतरी ठरल्यासारखं.

एसटीत गर्दी होती. परभणीला गाडी बदलली, खिडकीजवळची जागा मिळाली. कंडक्टरनं "किती वर्षांची पोरगी?" विचारलं आणि धुरपतानं खरं वय सांगितलं. ऊन चढलं होतं, दोन्हीकडं कापूस फुटला होता, आणि पोर मुकाट बाहेर बघत होती. तिची छाती हलते का, ते धुरपता बघत नव्हती. पक्कं ठरवून बघत नव्हती.

"माय, मामाकडं पाणी हाय का गं?"

"हाय की. टँकर येतो."

"तेवढंच?"

"तेवढंच."

पोरीनं मान हलवली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटले. गाडीनं गचका खाल्ला. पोर पडू नये म्हणून धुरपतानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवल्यावर तिला कळलं की ठेवलाय. केसांखाली डोकं गार होतं. आणि तिचा अंगठा, तो मेला सवयीचा अंगठा, डोक्यावरून मागं सरकायला निघालाच होता.

तिनं हात उचलून घेतला. छातीशी घट्ट धरला. अजून काही लागलं नव्हतं, काही कळलं नव्हतं, मांडीवर तिची लेक होती आणि लेकीला झोप लागली होती. अंगणातल्या त्या सकाळी म्हातारीचा हात कसा थांबला होता आणि मग ती का तेवढ्या मोठ्यानं रडली होती, ते धुरपताला आता कळलं.

मग तिनं पदराचं टोक घेतलं आणि पोरीचं डोकं पुसायला लागली. केस कोरडेच होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "घाम आला व्हय लेकराला?"

"हौ," धुरपता म्हणाली, आणि वरवर, अंगठा दुमडून, पुसत राहिली.